टाकाऊ वस्तूंतून मापाचे घर

उन्हाळ्याची सुटी लागली की बुलडाणा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात भातुकलीचे प्लॅस्टिकचे संच टांगलेले दिसतात. मूल हट्ट धरते, आई पदराची गाठ सोडते आणि चार दिवसांत कपाचा कान तुटतो. नोकरी सांभाळून वस्तीतल्या मुलांत काम करणारी आम्ही मंडळी पालकांना सुचवतो, की या सुटीत संच आणू नका. घर मुलांनाच बांधू द्या. लागणारे सामान आपल्याच केरात आहे.

पूर्वी आपल्याकडे ज्वारीच्या धांड्याची साल काढून, आतल्या मऊ भेंडात सालीच्या काड्या खुपसून मुले बैलगाडी करीत. आता शिवारात ज्वारी कमी होऊन सोयाबीन वाढले. सोयाबीनचे कुटार होते, गाडी होत नाही. पण काडेपेट्या, लग्नपत्रिका, बाटल्यांची झाकणे घरोघर आहेत. त्यांचा उपयोग करावा.

आधी माप ठरवावे. खऱ्या १ फुटाला १ इंच धरावा. बुटाचा रिकामा खोका लांब बाजूवर उभा करून तोंड आपल्याकडे ठेवावे. खोका १२ इंच लांब व ७ इंच उंच असेल तर खोली १२ फूट लांब व ७ फूट उंच झाली. खाट ६ इंच लांब, ३ इंच रुंद पुठ्ठ्याची करावी. पाय तुराटीचे, नवार जुन्या साडीच्या किनारीची. सोडाबाटलीचे झाकण सुमारे सव्वा इंच असते, म्हणजे ती सव्वा फुटाची परात. टूथपेस्टच्या टोपणाला तारेची कडी लावली की बादली. चार काडेपेट्या एकावर एक चिकटवल्या की खरोखर उघडणारे खण असलेले कपाट. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. हिशेब मांडला तर खर्च तेवढाच!

आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काडेपेटीच्या काड्या जोडून आकृत्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊतून खेळणी शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक प्रयोग घरी जरूर करावा. काड्यांचा गूल खरवडून टाकावा व आधी चौकोन जोडावा, मग त्रिकोण. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. घराच्या छपराला कैची त्रिकोणी का घालतात, हे मुलाला न सांगता कळते.

भातुकली मुलींची आणि गाडी मुलांची, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. स्वयंपाकघर मुलग्याने मांडावे, छपराची कैची मुलीने उभारावी. आणि घरात चूल मांडण्याआधी अभ्यासाचे टेबल मांडावे. अडीच फूट उंचीचे टेबल म्हणजे अडीच इंच.

त्यावर पुस्तक हवे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधले गेले. नवी दिल्लीची आखणी करणारे लुटियन्स हेच त्याचेही वास्तुशिल्पकार. त्यात वीज आहे, नळाला पाणी आहे आणि नामांकित लेखकांनी स्वहस्ते लिहिलेली चिमुकली पुस्तकेही आहेत. ते घर आज विंडसर किल्ल्यात पाहायला मिळते. त्याचे मापही फुटाला इंच हेच! राणीच्या घराला जे माप, तेच आपल्या बुटाच्या खोक्याला. कोऱ्या कागदाचे तुकडे दुमडून, मधोमध दोरा घालून पाऊण इंच उंचीचे पुस्तक सहज होते. त्यात मुलाने आपल्या हाताने काहीतरी लिहावे.

काही काळजी मात्र घ्यावी. ब्लेड मोठ्यांनीच चालवावे. गोळ्यांच्या पाकिटाची कडा बोट कापते, ती दुमडावी. जुने सेल खेळायला देऊ नयेत. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती झाकणे, टोपणे लागू देऊ नयेत, कारण ती घशात अडकतात.

पालकहो, या सुटीत एक पट्टी आणि एक खोका मुलांच्या हाती द्या. घरातली खाट, दार, टेबल त्यांना स्वतः मोजू द्या. फूट आणि इंच त्यांना पाठ करावे लागणार नाहीत.