पेशींच्या वाढीवरील लगाम

अतिपक्व केळ्यांभोवती घोंघावणारी बारीक चिलटे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. शास्त्रज्ञ जिचा अभ्यास करतात ती ‘ड्रोसोफिला’ ही फळमाशी त्यांपैकीच होय; आंबा-पेरूच्या बागांना उपद्रव देणारी फळमाशी निराळी. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास तिला अवघे १० दिवस लागतात. एवढ्या अल्पावधीत प्रत्येक पेशी योग्य जागी व योग्य तेवढीच कशी वाढते?

पेशीच्या बाह्य पटलावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. शेजारच्या पेशीने सोडलेला वृद्धिघटक ग्राहीला चिकटला की, आतील प्रथिनांची साखळी कार्यरत होऊन निरोप केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचतो. त्यानुसार पेशीचे विभाजन होते किंवा ती विशिष्ट रूप धारण करते. अशा वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल स्टॅन्ले कोहेन व रीटा लेव्ही-माँताल्चिनी यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या माशीच्या एका डोळ्यात सुमारे ८०० नेत्रिका असतात व प्रत्येक नेत्रिकेत ८ प्रकाशसंवेदी पेशी. प्रथम त्यांतील एक पेशी निवडली जाते. ती ‘स्पिट्झ’ नावाचे प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना आपल्या कार्यात सामील करून घेते. मग हा निरोप दूरवर पसरत का नाही? याचे उत्तर १९९२ मध्ये वर्णन केलेल्या ‘अर्गोस’ या प्रथिनात मिळाले. निरोप मिळालेल्या पेशीच अर्गोस तयार करतात. ते स्पिट्झलाच धरून ठेवते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. याशिवाय, काम झालेले ग्राही पेशी आत ओढून घेते व त्यांतील अनेकांचे विघटन करते. अर्गोस नसल्यास जादा प्रकाशसंवेदी पेशी निर्माण होतात आणि डोळ्याची सुबक रचना बिघडते. म्हणजेच, वाढीचा आदेश स्वतःचा लगामही निर्माण करतो.

याच कुळातील ग्राही मानवी पेशींवरही आहे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत त्याच्या जनुकात बदल होतो, लगाम निरुपयोगी ठरतो आणि ग्राही अखंड आदेश देत राहतो. अशा ग्राहीला रोखणाऱ्या गेफिटिनिब या औषधास २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि, असे औषध प्रत्येक रुग्णास लागू पडत नाही; गाठीतील पेशींची जनुकीय तपासणी करूनच त्याची निवड करावी लागते. म्हणून ही तपासणी अनावश्यक खर्च नसून उपचाराचेच पहिले पाऊल आहे, हे रुग्णाच्या कुटुंबीयांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.