जिवंत बोकडाचं मांस कसं जोखावं?



बकरी ईद जवळ आली की मुरबाड-शहापूरकडे व्यापारी दारात येतो, बोकडाच्या कमरेवर हात फिरवतो आणि उक्ता भाव सांगतो. त्याच्या हाताला जे कळतं ते आपल्याला कळत नाही. घाटा तिथंच होतो.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात मांसासाठी पाळलेल्या गुरांची पारख सोनोग्राफीच्या यंत्रानं करतात. बाराव्या-तेराव्या बरगडीच्या मध्ये पाठीवर तेल लावून यंत्राचं टोक टेकवतात. ध्वनिलहरी आत जाऊन चरबी आणि मांसाच्या थरांवरून परत फिरतात. कातडीखालची चरबी किती जाड आणि पाठीचं मांस किती भरलंय, हे पडद्यावर दिसतं. जनावर कापावं लागत नाही.

आपल्या राज्यात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानं बंदी आली, बैल-वळूंच्या कत्तलीला २०१५ पासून. तेव्हा आपला प्रश्न बोकडाचा. शेळीची जात चरबी कातडीखाली थोडी आणि पोटात, गुर्द्यांभोवती जास्त साठवते. म्हणून नुसत्या पाठीवरच्या चरबीवरून बोकडाचं फारसं कळायचं नाही. यंत्राचा नाद सोडा, पण ते टेकवतात ती जागा ध्यानात ठेवा.

शेवटच्या बरगडीच्या मागं कमरेवर हात ठेवून चाचपा. मणक्याची टोकं टोचत असतील आणि बाजूच्या आडव्या हाडांखाली बोटं सहज शिरत असतील, तर बोकड हडकुळा. महिनाभर खुराक द्या. टोकं गोलसर लागत असतील आणि दाबल्यावरच कळत असतील, तर विकायला तयार. हाडच लागेना, तर पुढचा खुराक चरबीत जातोय. छातीच्या हाडावरची चरबीही बोटांनी चाचपून बघा.

आता वजन. ताणकाटा असेल तर उत्तम. नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर २८ आणि लांबी २४ असेल तर साडेअठ्ठावीस किलो. व्यापारी चोवीस म्हणाला आणि भाव किलोला ५०० रुपये धरला, तर सव्वादोन हजार गेले! अर्थात हा अंदाजच. पोट टम्म भरलेलं असलं तर काटाही फसतो. म्हणून सकाळी चरायला सोडण्याआधी मोजा. जिवंत वजनाच्या साधारण निम्मं मांस पडतं.

आणखी एक. परदेशात ही तपासणी मुख्यतः पैदाशीचे वळू निवडायला करतात. आपल्याकडे उलट चालतं: सगळ्यात भरलेला बोकड ईदला जातो आणि उरलेला किरकोळ बोकड कळपात राहतो. पुढची करडं त्याचीच. तेव्हा यंदा कमर चाचपून एक चांगला बोकड बाजूला बांधा आणि दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या बोकडाशी त्याची अदलाबदल करा.