रॉकेलमधली माती

उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या काळ्या रानात पडलेल्या भेगेत काठी घालून बघा, सहज आत जाते. पहिला मोठा पाऊस झाला की तीच भेग मिटते. पिकाला हे मानवतं, घराला नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि दोष गवंड्यावर जातो. बिचारा गवंडी!

खरी करामत मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची. त्याच्या थरांत पाणी शिरलं की माती फुगते. प्रयोगशाळेत हे फुगणं पकडण्याची युक्ती मजेदार आहे: 10 ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये. 24 तासांनी पाण्यातली फुगलेली असते, रॉकेलमधली जशीच्या तशी. दोघींतला फरक म्हणजे फुगवटा.

हे मोजणारा तो भूतंत्र अभियंता. सिव्हिलची पदवी, पुढे याच विषयात एम.टेक. कुणी इमारतींच्या पायांत रमतो, कुणी बोगद्यांत, कुणी दरडींत. 2014 मध्ये माळीण गावावर दरड कोसळली, तेव्हा दरडींचा अभ्यास करणाऱ्यांचं मोल कळलं. कुणी धरणांकडे वळतो. केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरणच घ्या. मातीच्या भिंतीतून पाणी किती झिरपतं यावर नजर ठेवणं हेही याच विद्येचं काम. संशोधनात जायचं तर नाशिकची ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, आयआयटी मुंबई आहे. तिथल्याच प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दाबून बसवायचा उपाय रूढ केला.

आपल्याकडे मात्र अजूनही आधी मुहूर्त निघतो, मग खड्डा; मातीची चाचणी भिंत तडकल्यावर आठवते.