इनामगाव : तगून राहण्याची किंमत

व्हेनिसमध्ये 1895 साली पहिले बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन, भरले, आपल्याकडे कोचीत ते 2012 पासून भरू लागले. अलीकडे अशा प्रदर्शनांच्या सूत्रांत अध्यात्म, बुद्धी आणि समूहाचे संकटात तगून राहणे हे तीन विषय वारंवार दिसतात. विषय मोठे आहेत, पण दालनात ते बहुधा भिंतीवरच्या मजकुरातच राहतात. हे तिन्ही एका जागी, वस्तूंच्या रूपात पाहायचे असतील तर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावरच्या इनामगावाकडे वळावे लागते. तिथल्या पांढरीच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील त्या कामाने सुमारे इ. स. पू. 1600 ते 700 या नऊशे वर्षांतले एक शेतकरी गाव उघडे केले. कलेला आणि श्रद्धेला गावाच्या पोटापाण्यापासून वेगळे काढले की दोन्ही कळेनाशी होतात, आणि तगून राहण्याचे कौतुक त्याची किंमत विचारल्याशिवाय करता येत नाही, हे इनामगाव जितके स्पष्ट दाखवते तितके क्वचितच कुठले प्रदर्शन दाखवत असेल.

इनामगावचे मोठेपण ते कसे खणले यात आहे. खोल खड्डा घेऊन थरांचा क्रम लावायचा आणि निघायचे, ही त्या काळची सोपी वाट होती. इथे आडवे, विस्तृत उत्खनन झाले आणि सव्वाशेहून अधिक घरे एकमेकांच्या संदर्भात समोर आली. याचे मोल दायमाबादशी तुलना केली की कळते. प्रवरेकाठच्या त्या गावी 1974 मध्ये ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ असा विलक्षण ऐवज हाती लागला, पण तो योगायोगाने, उत्खननाबाहेर. म्हणून इतक्या देखण्या वस्तूंच्या काळाबद्दल अभ्यासकांचे वाद मिटत नाहीत. इनामगावला सापडलेली स्त्रीमूर्ती भट्टीत न भाजलेल्या मातीची, ओबडधोबड. पण ती कोणत्या घरात, कोणत्या जमिनीखाली आणि कशासोबत होती हे नोंदलेले आहे. माझ्या मते ही ओबडधोबड मातीच जास्त बोलते.

ती मूर्ती इ. स. पू. तेराव्या शतकाच्या आसपासच्या एका घराच्या जमिनीखाली पुरलेली होती. झाकणाची मातीची डबी, डोके नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटाला भोक. दोन्हींतून काडी घातली की देवी बैलावर बसते. म्हणजे ही मांडायची, काढायची आणि पुन्हा पुरून ठेवायची वस्तू होती. तिला देवी म्हणणे हा आपला तर्क आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. लिखित शब्दाचा आधार इथे नाहीच. पण मुलांच्या खेळण्याला डबीत ठेवून जमिनीत कोण पुरेल? शिवाय गावातल्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने आहेत, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापाशी तोडून पुरलेले आढळतात. मेलेल्याने परत चालू लागू नये म्हणून, असा तर्क केला जातो. या गावाची श्रद्धा पायाखालच्या जमिनीत होती, देवळात नव्हे.

बुद्धीचा पुरावा नदीकडच्या बाजूला आहे. वस्तीला लागून सुमारे 200 मीटर लांबीचा पाट आणि त्याच्या बाजूने दगडी बांध सापडला. तो सिंचनाचा की पुरापासून बचावाचा, यावर दुमत असू शकते. काहीही असो, एकट्या कुटुंबाच्या हाताने ते काम होणे शक्य नाही. गावात जव आणि गहू पिकत होते, डाळी होत्या, कणग्या ठेवण्याच्या जागा होत्या. आणि मधोमध पाच खोल्यांचे एक मोठे घर, त्याच्या बाजूला धान्याचे कोठार, अंगणात चार पायांच्या पोटदार रांजणात मांडी घालून बसवून पुरलेला एक पुरुष. याचे पाय मात्र तोडलेले नाहीत. उत्खननकर्त्यांनी त्याला गावाचा प्रमुख मानले. एवढ्यावरून प्रमुखपद सिद्ध होते का, हा प्रश्न पुढच्या अभ्यासकांनी विचारला आहे. तरी कोठार कोणाच्या दाराशी होते हे सांगायला फार सिद्धान्त लागत नाही.

इ. स. पू. 1000 च्या सुमारास गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली दायमाबाद, नेवासे यांसारखी गावे ओस पडली. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षे टिकले. ढवळीकरांनी गावे ओस पडण्याचे कारण पाऊस घटण्यात पाहिले. इनामगावात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढली. माणसांच्या दातांतली कीडही या काळात कमी झालेली आढळते, म्हणजे पिष्टमय धान्य कमी खाल्ले जात होते. जुळवून घेण्याचे हे ठळक उदाहरण, असे म्हणून इथे थांबता येईल, आणि आजच्या प्रदर्शनांना तेवढेच आवडेल. पण मुलांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांचे 2011 चे पुस्तक वेगळी बाजू दाखवते : या उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटलेली आहे. गाव टिकले, त्याची किंमत लहानग्यांनी मोजली. दुष्काळ हेच एकमेव कारण मानायलाही त्यांचा विरोध आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. सगळे पावसावर ढकलले की कोठाराचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

कोणी म्हणेल, तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवरून आजच्या कलाविचाराला धडे देणे ओढूनताणून केलेले आहे. धडा नव्हे, कसोटी म्हणावे. शिरूरचा पूर्व भाग आणि शेजारचा दौंड तालुका आज घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर, धरण-कालव्यांवर ऊस पिकवतो. मुळा-मुठा आणि भीमेच्या संगमाजवळच्या वाळकीलाही इनामगावच्याच, म्हणजे जोर्वे संस्कृतीची छोटी शेतवस्ती डेक्कन कॉलेजला सापडली आहे. पाणी कोणाच्या शेतात पोचते आणि टंचाईत कोणाच्या ताटातले कमी होते, हे प्रश्न या मुलखात जुने आहेत. समूहाच्या चिवटपणावर कलाकृती मांडणाऱ्याने त्यांना वळसा घातला, तर ती मांडणी देखणी असेल, खरी नसेल.

इनामगावचा सविस्तर अहवाल 1988 मध्ये डेक्कन कॉलेजने इंग्रजीत प्रसिद्ध केला. मराठी वाचकाने ढवळीकरांच्या ‘महाराष्ट्राची कुळकथा’पासून सुरुवात करावी आणि पुण्याला येरवड्यातल्या डेक्कन कॉलेजचे संग्रहालय एकदा बघावे.