म्हशीच्या दुधाचे चीज : एक शिफारस

गंगावेशीतील दूधकट्ट्यावर पंढरपुरी म्हशीची धार डोळ्यांदेखत काढवून घेऊन फेसाळ पेला उभ्याउभ्या रिचविण्याचा शिरस्ता ज्या कोल्हापूरने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्या शहरातील खवय्याला चीज म्हणताच पिवळ्या, खारट वडीपलीकडे काही आठवू नये, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. कारण इटलीच्या कांपानिया प्रांतातील ज्या ताज्या मोझरेलाची कीर्ती जगभर झाली, ते म्हशीच्याच दुधाचे असते.

त्याची कृती पाहण्याजोगी आहे. पनीर करताना आपण तापल्या दुधात आम्ल घालून ते फाडतो. येथे कोमट दुधात रेनेट हे पाचकद्रव्य घालून ते गोठवितात, तो साका निवळीतच आंबू देतात, आणि आंबटपणा बेताचा आला म्हणजे त्याला कढत पाण्यात घालून लांबच लांब ताणतात व चिमटीने गोळे तोडून खाऱ्या पाण्यात सोडतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ७ टक्के, गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. शिवाय गाईच्या दुधाला पिवळसर झाक देणारे कॅरोटीन म्हशीच्या दुधात जवळजवळ नसल्यामुळे हा गोळा निखळ पांढरा दिसतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध असावे. १९९६ साली युरोपात ज्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, त्या अस्सल कांपानियाच्या मोझरेलात वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. भारतीय चीजमध्ये ते बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेले असते, तरी वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहिल्यावाचून हुकमी विधान करू नये.

तांबड्या रश्श्यावर पोसलेल्या जिभेला पहिला घास सपक लागणार, यात मुळीच शंका नाही. खरवसाची आठवण होते खरी. परंतु खरवस दाताखाली अलगद मोडतो, हा गोळा किंचित प्रतिकार करतो, आणि मग आतून सायीच्या चवीचे, जरासे आंबूस दूध पाझरते. पिझ्झ्यावर लोंबणाऱ्या तारांवरून याची परीक्षा करणे अन्यायाचे होय, कारण ते भट्टीसाठी मुद्दाम कोरडे केलेले त्याचे भाऊबंद असते. बुरशीच्या निळ्या, उग्र चीजपासून आरंभ करून जन्माची अढी बसवून घेण्यापेक्षा कोल्हापूरकराने आपल्या ओळखीच्या दुधापासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा जिज्ञासूंनी लहानसाच गोळा घ्यावा, खाण्यापूर्वी थोडा वेळ शीतकपाटाबाहेर ठेवावा, सोबत टोमॅटोची फोड आणि चिमूटभर मीठ असावे, चटणी मात्र पहिल्या दिवशी दूरच ठेवावी. आणि विकत घेताना तारीख अवश्य वाचावी, कारण ताजे मोझरेला थोडेच दिवस टिकते.