माशांचे दुहेरी दुखणे

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात सानगडीच्या बाजूला गेलात, तर मालगुजारीच्या काळातले तलाव आणि लहान बोड्या जागोजागी दिसतील. ढिवर मंडळी त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात. अशा तळ्यांत कधी कधी पोट फुगलेले, खवले उभारलेले मासे काठाला लागतात. तपासले, तर त्यांत पुष्कळदा 'एरोमोनास हायड्रोफिला' हा जिवाणू सापडतो. पण हा जिवाणू गोड्या पाण्यात एरवीही असतोच! मग मासा आजच का आजारी पडला?

गर्दी, जखमा, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची कमतरता ही कारणे ठाऊक असतात. एक मात्र सहज निसटते, ते म्हणजे आधीच शिरलेला विषाणू.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हा त्याचा पहिला तट. त्यात जिवाणूंचे कवच फोडणारे लायसोझाइम असते. तट ओलांडला, की भक्षक पांढऱ्या पेशी पुढे येतात. आपल्या रक्तपेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. माशात ते काम प्रामुख्याने मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग करतो. विषाणूने कल्ले, प्लीहा, मूत्रपिंड यांवरच घाला घातला, तर तट खचतो आणि शिपायांची भरतीही मंदावते. एरोमोनासचे विष तर पेशींच्या आवरणाला चक्क भोके पाडते.

या जोडगोळीचा चांगला अभ्यास तिलापिया माशात झाला आहे. 'तिलापिया लेक व्हायरस' हा विषाणू २०१४ साली इस्राएलमध्ये ओळखला गेला. भारतातही तो आढळला आहे. थायलंडमधील संशोधकांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. केवळ विषाणू दिलेल्या गटात शेकडा ३४ मासे मेले, केवळ जिवाणू दिलेल्या गटात सुमारे ७. आता वहीत गणित मांडा. दोन्ही रोग एकमेकांशी संबंध न ठेवता मारत असतील, तर १०० पैकी ३४ विषाणूने जातील. उरलेल्या ६६ चे शेकडा ७ म्हणजे सुमारे ५. एकूण ३९. प्रत्यक्षात दोन्ही दिलेल्या गटात शेकडा ९३ मासे मेले! हा ५४ चा फरक म्हणजे एका रोगाने दुसऱ्याला केलेली मदत.

म्हणून जिवाणू सापडला, एवढ्यावरून तळ्यात प्रतिजैविक ओतणे मला धोक्याचे वाटते. विषाणूवर ते चालत नाही, आणि पाण्यातले जिवाणू मात्र त्याला निर्ढावतात. तपासणीला द्यायचा, तो मासाही आजारी पण जिवंत हवा. मेलेल्या माशात काही तासांतच जिवाणू माजतात. मग आधी कोण आले होते, ते कळायला मार्ग राहत नाही.