धोंडशीर आणि धीर

कसबा बावड्यांतील लक्ष्मीविलास राजवाड्यांत १८७४ सालीं जन्मलेल्या शाहू महाराजांनीं कुस्तीला राजाश्रय दिला. तेव्हांपासून कोल्हापुरांत दुखापतीवर सल्ला देणारांची वाण कधींच पडली नाहीं. पाय मुरगळला कीं तेल, हळद आणि चोळणारा हात हजर!

गेल्या वर्षीं आमचे धाकटे बंधू मुलांबरोबर फुटबॉल खेळतांना एकाएकीं चमकून मागें वळले. टाचेवर कोणी लाथ मारली असें त्यांस वाटलें. मागें तर कोणीच नव्हतें! घरीं आत्याबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या. पण डॉक्टरांनीं बंधूंस पालथें निजवून पोटऱ्या दाबून पाहिल्या. निरोगी पायाचें पाऊल हाललें, दुखऱ्याचें हाललें नाहीं. पोटरीला टाचेशीं बांधणारी धोंडशीर तुटली होती.

शरीरांतील ही सर्वांत जाड व बळकट कंडरा. परंतु टाचेच्या किंचित् वर तिला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो, आणि बहुधा ती तेथेंच तुटते. म्हणूनच ती सावकाश सांधते. चोळून कांहींएक लाभ नाहीं. पाऊल खालीं झुकवून पाय बांधला, म्हणजे तुटलेलीं टोकें जवळ येतात. कित्येकांस शस्त्रक्रियाही लागते. बंधूंस ती लागली नाहीं.

खरी कसोटी पुढेंच होती. सहाव्या आठवड्यांत वेदना थांबल्या आणि बंधू राजाराम बंधाऱ्यापर्यंत फिरून येण्याच्या गोष्टी बोलूं लागले. परंतु वेदना थांबणें म्हणजे शीर सांधणें नव्हे. प्रथम भरून येणारे तंतू अस्ताव्यस्त व दुबळे असतात. ते ओढीच्या दिशेनें नीट रचले जाण्यास कित्येक महिने लागतात. पहिल्या तीन महिन्यांत ती पुन्हा तुटण्याचें भय अधिक.

इकडे आमच्या हातून उलटीच चूक घडत होती. पाण्याचा तांब्यासुद्धां आम्हीं त्यांस उठून घेऊं दिला नाहीं. पोटरी वाळत चालली. व्यायामोपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, “माया थोडी आवरा. ओढ मिळाल्यावांचून तंतूंना दिशा सांपडत नाहीं.” मग टाचेखालच्या गाद्या एकेक करून निघाल्या, कुबडी सुटली, आधीं दोन्ही पायांवर व पुढें एका पायावर टाच उचलणें सुरू झालें, तेंही मोजून. आजारांतून उठलेला मल्लसुद्धां पहिल्याच दिवशीं हजार बैठका मारीत नाहीं!

वर्षाच्या अखेरीस बंधूंनीं दुखऱ्या एका पायावर टाच उचलून दाखविली, आणि आत्याबाईंनीं देवापुढें साखर ठेविली.

सुज्ञ वाचकांस एवढीच विनंती : टाचेवर असा फटका बसल्याचा भास झाला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा, आणि पुढें रुग्णास ना जखडून ठेवावें, ना मोकाट सोडावें.